ड्रायपॉइंट शिकताना पहिली प्लेट कुठली घ्यावी? तांबं, अ‍ॅल्युमिनियम की अ‍ॅक्रिलिक?

सुई_आणि_शाई (बेळगाव)
नमस्कार मंडळी. बीव्हीएच्या (दृश्यकलेच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला मुद्राचित्रण घेतलंय. ड्रायपॉइंट म्हणजे प्लेटवर सुईने ओरखडून, रेषांत शाई भरून प्रेसमध्ये कागदावर छापणं. या सत्रात ड्रायपॉइंटच्या चार प्लेटा आणि प्रत्येक प्लेटच्या पाच सारख्या प्रती द्यायच्या आहेत. आकार १५ बाय २० सेंटिमीटर. वर्गात निम्मे जण तांबं म्हणतात, निम्मे साइनबोर्डवाल्याकडून अ‍ॅक्रिलिक कापून आणतात. सल्ला दोन्हीकडून ठाम मिळतो, कारण कुणी नीट सांगत नाही.

सुरुवात कशावर करावी आणि का? दुसरं, प्रेस सगळ्यांत मिळून एकच आहे, तर घरी निदान कच्चं प्रूफ (चाचणीची प्रत) काढायची काही सोय होते का? तिसरं, आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात सामान कुठल्या प्रकारच्या दुकानात शोधायचं?

निपाणीकर
अ‍ॅक्रिलिक. डोळे झाकून. आरपार दिसतं, त्यामुळे चित्र खाली चिकटवून थेट गिरवता येतं. चित्र पालथं ठेव म्हणजे छापल्यावर सुलटं येईल. कागद जाड असेल तर खिडकीच्या काचेवर धरून आधी मागून गिरवून घे. जाडी १ ते १.५ मि.मी. बास. ३ मि.मी. घेतलंस तर कडेला कागद फाटतो. बोर्डवाल्यांकडे कापून उरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, त्या स्वस्तात देतात.

तांबटगल्ली
निपाणीकर, गिरवायला सोपं हे मान्य, पण शिकायला सोपं म्हणाल तर नाही. अ‍ॅक्रिलिकवर सुई वळणावर घसरते. गोल काढायला गेलं की कोन पडतात. चुकीची रेषा घोटून मिटवता येत नाही. आणि बर, म्हणजे सुईने रेषेच्या कडेला उठणारी धार, ठिसूळ, पुसतानाच कपचे उडतात. मुलं मग तीच बारीक कोरडी रेषा म्हणजे ड्रायपॉइंट असं धरून चालतात.

तांब्यावर रेषा खरवडणीने काढून, ओपून (घोटून गुळगुळीत करून), परत तिथेच नवीन काढता येते. शिकणाऱ्याला चूक दुरुस्त करता आली पाहिजे. पत्रा १ मि.मी.चा घ्यायचा. दुकानात गेज सांगू नका, मि.मी. सांगा, कारण गेजचे तक्ते एकापेक्षा जास्त आहेत आणि १८ गेज म्हणजे एकात १.०२ मि.मी. तर दुसऱ्यात १.२२. शिवाय भांड्यांसाठीचा पत्रा तापवून नरम केलेला असतो, तो नको. कडक पत्रा मागा. नरम पत्र्यावर बर उठते पण प्रेसखाली लगेच दबते.

निपाणीकर
१५ बाय २०, एक मि.मी. जाड म्हणजे एका प्लेटला २७० ग्रॅमच्या आसपास तांबं. चार प्लेटा म्हणजे किलोच्या वर. विद्यार्थ्याच्या खिशाचा पण विचार करा की हो.

ठसेवाला
तुमचं दोघांचं भांडण खरं तर बरीवरून आहे, तेव्हा आधी ती समजून घेऊ.

सुई धातूवर दाबून ओढली की धातू निघून जात नाही, बाजूला सरकतो. चरीच्या कडेला त्याची उभी धार तयार होते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवरच्या माणसाला विचारा, त्याच्या जॉबला जी बर येते तीच ही. तो ती कानशीने काढून टाकतो, आपण ती जपतो. घड्याळजीकडे असतं तसं दहापटीचं भिंग लावून बघ: चर दिसेल आणि तिच्या एका अंगाला खडबडीत, आत वळलेली कड दिसेल. शाई चरीपेक्षा या कडेच्या आडोशाला जास्त थांबते. छापल्यावर रेषेच्या बाजूला जो मखमली काळा पसारा येतो तो त्या कडेचा. बर गेली की राहते ती नुसती बारीक, स्वच्छ रेषा.

आता कोन. सुई प्लेटला सरळ काटकोनात धरली तर दोन्ही कडांना थोडी थोडी बर येते. ६० अंशांच्या आसपास कलवली तर एकाच बाजूला येते पण भरदार. ३० अंशांपर्यंत झोपवली तर मोठी दिसते, मात्र बुडाशी पातळ असते आणि दोन-चार प्रतींत मोडते. म्हणून पाच सारख्या प्रती हव्या असतील तर गडद जागी ६० अंश धर आणि हलक्या जागी सुई उभी कर. गडदपणा नुसत्या जोरावर आणू नकोस. जास्त जोर लावला की हात अडखळतो आणि रेषा तुटक होते. तीच रेषा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ओढ, किंवा शेजारी जवळजवळ रेषा काढ. दोन रेषांच्या बरी एकमेकींना लागल्या की तिथे पूर्ण काळा मिळतो. फारच दाट जाळी केलीस तर मात्र त्या बरी मोडून पडतात आणि काळ्याच्या जागी करडा डाग छापतो. हे तांब्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमवर जास्त.

पहिल्या दिवशी चित्र काढूच नकोस. हातभर नको, तळहाताएवढा तुकडा घे. तीन कोन, तीन जोर, अशा नऊ पट्ट्या काढ, छाप आणि तो कागद टेबलासमोर लाव. पुढच्या प्रत्येक प्लेटला तो बघावा लागेल.

घटप्रभा
तिसरा पर्याय कुणीच सांगितला नाही. वापरलेली ऑफसेटची प्लेट. बेळगावात, गोकाकात, चिकोडीत, जिथे लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापणारा ऑफसेट प्रेस आहे तिथे या प्लेटा भंगारात किलोवर जातात. ०.३ मि.मी. किंवा त्याहून पातळ अ‍ॅल्युमिनियम. कात्रीने कापता येतं.

पुढची बाजू दाणेदार असते, तिच्यावर शाई पुसली तरी सगळीकडे करडा थर राहतो. म्हणून मागची गुळगुळीत बाजू वापरायची. कापल्यावर चारही कोपरे गोल करा आणि कडा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, नाहीतर हात कापतो आणि प्रेसमध्ये कागदावर घालायचं लोकरीचं ब्लँकेटही कापलं जातं. रेखाटताना प्लेट पुठ्ठ्यावर टेपने पक्की बसवा, पातळ असल्यामुळे सुईखाली वाकते.

तोटा असा की बर मऊ. पाच-सहा चांगल्या प्रती धरून चला, मग फिकी पडते. पण हात बसवायला याच्याइतकं स्वस्त काही नाही.

सुई_आणि_शाई
घटप्रभा, हे माहीतच नव्हतं. धन्यवाद. सुई कुठली वापरायची? बाजारात एचिंग (आम्लाने रेषा कोरायची पद्धत) नीडल म्हणून मिळते ती महाग आहे.

उद्यमबाग_लेथ
टूलच्या दुकानात कार्बाइड टोकाचा स्क्रायबर माग. फिटर लोक पत्र्यावर खूण करायला वापरतात तोच. पेनसारखा असतो. टोक सहसा बोथट होत नाही, पण खाली पडला तर टोकाचा कपचा उडतो, म्हणून टोकाला रबरी नळीचा तुकडा घालून ठेव. पोत्याचं दाभणसुद्धा चालतं, लाकडी मूठ बसव आणि तेलाच्या दगडावर गोल फिरवत धार लाव. दाभणाचं पोलाद लवकर बोथट होतं, दर अर्ध्या तासाने दगडाला लावावं लागेल.

शहापूर_अक्का
शिंप्याचं दातेरी चाक विसरू नकोस गं. कापडावर खुणा करायचं ते. प्लेटवर फिरवलं की ठिपक्यांची ओळ मिळते, दोन-तीन वेळा आडवं-उभं फिरवलं की छान करडा भाग तयार होतो. २२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर लावून दाबलास तर आणखी मऊ टोन येतो. ओपायचं हत्यार हवं असेल तर चांदीकाम करणाऱ्यांकडे विचार. निपाणीच्या पलीकडे हुपरी आहेच, तिथे घराघरात चांदीचं काम चालतं. पोलादी किंवा अकीकाचं गुळगुळीत टोक असलेलं हत्यार मिळतं. घोटताना तेलाचा एक थेंब घाल, कोरडं घोटलंस तर नवे ओरखडे उठतात.

आता शाई पुसणं. ड्रायपॉइंट बिघडतं ते नव्वद टक्के इथेच, असं मी ठामपणे सांगते.

ऑफसेटची काळी शाई थेट वापरू नकोस, ती फार चिकट असते. चिकट शाई पुसताना बर ओढून काढते. सुपारीएवढ्या शाईत जवसाच्या घट्ट तेलाचे दोन-तीन थेंब घालून सुरीने काचेवर घोट. सुरी उचलल्यावर शाई तार न धरता जाडसर पडली पाहिजे. पातळ झाली वाटलं तर मॅग्नेशियम कार्बोनेटची चिमूट घाल, व्यायामशाळेत हाताला लावतात ती पांढरी पूड. तिने शाई अंग धरते.

शाई लावताना पुठ्ठ्याची कड घासून लावायची सवय एचिंगमधून येते. ड्रायपॉइंटला ती घातक, बर तिथेच मोडते. नमद्याच्या (फेल्टच्या) तुकड्याची गुंडाळी करून तिने शाई थोपट आणि हलकं फिरव. मग पुस्तकबांधणीवाल्यांकडे खळ लावलेलं जाळीदार कापड मिळतं ते घे. फार कडक असेल तर हाताने चोळून थोडी खळ उतरव. तीन बोळे कर: एक जुना शाईने भरलेला, एक मध्यम, एक जवळजवळ कोरा. बोळा सपाट हवा, बोट आत रुतता कामा नये. गोल गोल, हलक्या हाताने. बर ज्या अंगाला उभी आहे तिच्या विरुद्ध ओढलंस तर कापड अडकतं. ते हाताला लगेच जाणवतं, करकर होते, लगेच दिशा बदल.

शेवटी पातळ कागद तळहाताखाली सपाट धरून एकदाच फिरव. तळहाताने पूर्ण चकचकीत करू नकोस. हलका थर राहू दे, त्यानेच रेषा आणि कागद यांची सांगड बसते. कडा मात्र चिंधीने अगदी स्वच्छ. कडेवरची शाई छापली की गुण जातात.

चिकोडी_चित्रशाळा
अक्कांना अनुमोदन. पाच प्रती सारख्या हव्या असतील तर पाचही वेळा तेच बोळे, त्याच क्रमाने, आणि शाई एकदाच पुरेशी कालवून ठेवा. प्रत्येक प्रतीला नवीन शाई कालवली तर पाच प्रती पाच रंगाच्या दिसतात.

आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळी बेळगावात शाई दगड होते. तांब्याची प्लेट गरम पाण्याच्या डब्यावर ठेवून किंचित कोमट करा, हाताला सोसवेल एवढीच. अ‍ॅक्रिलिक तापवू नका, वाकतं.

सुई_आणि_शाई
अ‍ॅक्रिलिकच्या एका तुकड्यावर नऊ पट्ट्या काढून छापल्या. प्लेटवर रेषा ठळक दिसतात, कागदावर मात्र फिक्या आणि मधेमधे पांढरे ठिपके. सुई कमी लागली, की दाब कमी, की कागद? कसं ओळखायचं?

ठसेवाला
अंदाज करत बसू नकोस, छापल्यानंतर प्लेट बघ. उत्तर प्लेटवरच असतं.

छापून झाल्यावर रेषांमध्ये शाई अजून भरलेली दिसते? मग शाई होती, कागदाने उचलली नाही. म्हणजे कागद कोरडा, किंवा दाब कमी, किंवा शाई फार घट्ट. या तिन्हींत फरक असा: प्लेटच्या चौकटीचा ठसा कागदावर उथळ असेल तर दाब कमी. ठसा खोल आहे पण रेषेत पांढरे ठिपके आहेत तर कागद कोरडा. ठसा खोल, कागद ओलसर, तरी शाई प्लेटवरच, तर शाईत तेल घाल.

रेषा रिकाम्या झाल्यात आणि तरी प्रत फिकी? मग छपाईला दोष देऊ नकोस, आत शाईच नव्हती. एकतर जास्त पुसलीस किंवा ओरखडा वरवरचा आहे. नखाची कड रेषेवरून आडवी फिरव. अडखळली पाहिजे. अ‍ॅक्रिलिकवर हा घोटाळा नेहमी होतो, कारण वरवरचा ओरखडासुद्धा पांढरा चमकतो आणि डोळ्याला खोल वाटतो. त्यासाठी काळा तेलखडू रेषांवर चोळून, वरचा पुसून टाक. आत जेवढा काळा राहिला तेवढंच छापेल असं समज. तांब्यावर उलट अडचण, चकाकीमुळे रेषाच दिसत नाही. दिवा आणि प्लेट यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपरची चौकट उभी कर, उजेड पसरतो आणि रेषा स्पष्ट दिसते.

रेषेच्या दोन्ही बाजूंना शाई फुटून डाग पडला असेल तर दाब जास्त किंवा शाई पातळ.

तुझ्या वर्णनावरून कागद कोरडा होता. कुठला वापरलास?

सुई_आणि_शाई
कार्ट्रिज पेपर. स्पंजने दोन्हीकडून ओला केला आणि लगेच छापला.

खानापूरचा_पाऊस
लगेच छापला तिथेच अडलं. स्पंजने वरचं पाणी वर राहतं, मध्ये कागद कोरडाच. ओल कागदात आतवर मुरायला वेळ द्यावा लागतो.

पद्धत अशी. कापसाचा जाड कागद, २५० ते ३०० जीएसएम. परदेशी घ्यायची गरज नाही, पुण्याच्या हातकागद संस्थेचा चांगला चालतो. स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये १५-२० मिनिटं पूर्ण बुडव. खळ कमी असलेला हातकागद असेल तर पाचच मिनिटं, जास्त ठेवलास तर पृष्ठभागाचे धागे सुटतात आणि प्लेटला चिकटतात. बाहेर काढून निथळव, दोन टीपकागदांत ठेवून लाटण्याने पाणी काढ. चकाकणारं पाणी अजिबात दिसता कामा नये. कागद गालाला लावल्यावर गार लागला पाहिजे, ओला नाही.

यापेक्षा चांगलं म्हणजे आदल्या रात्री कागद भिजवून, एकावर एक रचून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर सपाट फळी ठेवायची. सकाळपर्यंत सगळ्या गठ्ठ्यात ओल सारखी पसरते. पाच सारख्या प्रतींसाठी हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

आपल्याकडच्या पावसाचं वेगळं सांगतो. खानापूर, जांबोटी भागात जून ते सप्टेंबर हा ओला गठ्ठा दोन दिवस बाहेर राहिला की काळे-हिरवे ठिपके पडतात. एका रात्रीपेक्षा जास्त ठेवायचा असेल तर फ्रीजमध्ये ठेव. छापलेल्या प्रती वाळवताना टीपकागद रोज बदल आणि वर वजन ठेव. दोरीवर टांगल्यास तर कागद लाटेसारखा वाळतो आणि नंतर सपाट होत नाही.

निपाणीकर
कार्ट्रिजवर सरावाचं प्रूफ काढायला काय हरकत? प्रत्येक वेळी कापसाचा कागद कोण वापरणार.

खानापूरचा_पाऊस
हरकत काहीच नाही. पण त्यावरून प्लेटचा निकाल लावायचा नाही. लाकडाच्या लगद्याचा कागद चरीत उतरत नाही, म्हणून चांगली प्लेटसुद्धा त्यावर फिकी दिसते. शेवटचं प्रूफ नेहमी ज्या कागदावर प्रती काढणार त्याच कागदावर.

चिकोडी_चित्रशाळा
प्रेसच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. घरी चमच्याने मागून घासून प्रूफ निघतं का? आणि एक विचारायचं राहिलं होतं, ऊसाच्या रसाच्या चरकाला दोन रोलर असतात, त्यात प्लेट घातली तर?

उद्यमबाग_लेथ
चरक नाही चालणार. त्याच्या रोलरवर खाचा असतात, ऊस पकडायला. त्या कागदावर उमटतील. शिवाय प्लेटखाली बेड, म्हणजे सरकणारा सपाट पाट, नाही, म्हणजे प्लेट सरळ जाणार नाही.

चमच्याने लाकडी ठशाचं प्रूफ निघतं, कारण तिथे शाई वर असते. इथे शाई चरीत आहे, कागद आत ढकलावा लागतो, तेवढा जोर हाताला नाही. पातळ ओल्या कागदावर चमच्याने पुसट खूण मिळेल, रेषा कुठे आली हे कळेल, काळेपणा कळणार नाही.

छोटा प्रेस बनवून घेता येतो आणि आपल्याकडे ते काम करणारे हात आहेत. चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून केला तर परवडतो. १२ इंची बेडसाठी काय लागतं ते सांगतो. वरचा रोलर भरीव शाफ्टचा किंवा जाड भिंतीच्या पाइपचा, ८० ते १०० मि.मी. व्यासाचा. लेथवर टर्न केल्यावर डायल गेज (गोलाई मोजायचं उपकरण) लावून बघायचं, गोलाई ०.०५ मि.मी.च्या आत हवी. पातळ पाइप घेऊ नका, मध्ये वाकतो आणि चित्राचा मधला भाग फिका छापतो. खाली तसाच दुसरा रोलर. मधे बेड, १० ते १२ मि.मी. जाड एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, लांबी दोन फूट, वरची बाजू सरफेस ग्राइंडिंग करून घेतलेली. दोन्ही बाजूंना सरकणाऱ्या ब्लॉकमध्ये बेअरिंग आणि वरून दाब देणारे दोन स्क्रू. स्क्रूंचं पिच (दोन आट्यांमधलं अंतर) सारखंच ठेवा, म्हणजे दोन्हीकडे सारखे आटे फिरवले की सारखा दाब. हँडल थेट रोलरला लावलं तर फिरवताना दमछाक होते, मध्ये गिअर किंवा चेनचं रिडक्शन हवं.

दाब बसवायची रीत: शाई न लावता कोरी प्लेट, ओला कागद, वर ब्लँकेट. फिरवून बघा. चौकटीचा ठसा चारही बाजूंना सारखा खोल हवा. डावीकडे खोल, उजवीकडे उथळ आला तर उजवा स्क्रू पाव आटा खाली. हे झालं की मगच शाई.

घटप्रभा
ब्लँकेट म्हणून घोंगडी चालेल का? आपल्या भागात लोकरीची घोंगडी सहज मिळते, नमदा मात्र मागवावा लागतो.

उद्यमबाग_लेथ
कागदाला लागून घोंगडी नको. सूत जाड आणि गाठीदार असतं, त्याचा दाब कमीजास्त होतो आणि मोकळ्या जागेत विणकाम उमटतं. कागदावर आधी पातळ गुळगुळीत नमदा, १.५ ते ३ मि.मी.चा, त्यावर मऊ जाडा. त्याच्याही वर घोंगडी घातली तर चालेल, तिथे फक्त दाब पसरवायचं काम आहे. ड्रायपॉइंटला थर मऊ आणि दाब एचिंगपेक्षा थोडा कमी. कडक ब्लँकेट आणि जास्त दाब मिळून पहिल्या तीन प्रतींतच बर झोपवतात.

तांबटगल्ली
बर किती टिकते यावरून थोडं विषयांतर. डच चित्रकार रेम्ब्रांटची तीन क्रूसांची मोठी प्लेट १६५३ ची, जवळजवळ सगळी ड्रायपॉइंटमध्ये. प्रती काढता काढता बर झिजली, तेव्हा त्याने प्लेट घासून, नव्याने खरवडून चित्रच बदललं. चौथ्या अवस्थेतल्या (प्लेट चौथ्या टप्प्यात असतानाच्या) प्रती बघितल्या तर उजेड अंधारात गेलेला दिसतो. बर झिजणं हा दोष मानून रडत बसण्यापेक्षा त्याने तिथून पुढचं चित्र काढलं. शिकणाऱ्याने हे एकदा तरी करून बघावं: पाच प्रती काढल्या, फिकी पडली, मग त्याच प्लेटवर काम पुढे न्यायचं. तांब्याशिवाय हे नीट होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

चिकोडी_चित्रशाळा
आपल्याकडे या माध्यमाची वाट बंगालचे चित्रकार मुकुल डे यांनी पाडली, हेही नवीन मुलांना माहीत असावं. १९१६ मध्ये ते रवींद्रनाथांबरोबर जपान-अमेरिकेला गेले आणि शिकागोत एचिंग शिकले. पुढे १९२८ मध्ये कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य झाले. नदी, होड्या, घाट, बाजार, संथाळ माणसं असे आसपासचे विषय त्यांनी ड्रायपॉइंटमध्ये आणले. त्यांच्या प्रतींत मोकळा सोडलेला कागद बघण्यासारखा आहे. सगळी प्लेट खरवडून भरायची गरज नसते. बेळगावजवळच्या राकसकोप जलाशयाचा काठ काढायचा तर पाण्याला एकही रेषा लागत नाही, फक्त थराचा करडेपणा बोळ्याने कमीजास्त करायचा.

सुई_आणि_शाई
बर टिकवायला प्लेटवर लोखंडाचा थर चढवतात असं वाचलं. उद्यमबागेत प्लेटिंगवाले आहेत, त्यांच्याकडून करून घेता येईल का?

उद्यमबाग_लेथ
त्यांचं रोजचं काम झिंक, निकेल, क्रोमचं. लोखंडाच्या प्लेटिंगचं द्रावण वेगळं असतं, ते सहसा कुणी ठेवत नाही. आणि मुख्य धोका आधीच्या तयारीत. प्लेटिंगला जाणारा माल आधी बफिंगला जातो, तिथे तुझी बर अर्ध्या मिनिटात गायब. पाच प्रतींसाठी याच्या नादी लागू नको. तांब्यावर नीट पुसलं तर दहाएक चांगल्या प्रती निघतात.

ठसेवाला
आणि त्या प्रतींवर लिहायचं कसं तेही आत्ताच सांगतो. छापलेल्या चौकटीच्या खाली, पेन्सिलीने: डावीकडे क्रमांक, १/५, २/५ असा, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि वर्ष. पेन वापरू नकोस. प्लेटमध्येच सही किंवा अक्षरं कोरायची असतील तर उलटी कोरावी लागतात. देवनागरीत शिरोरेषा आधी, मग अक्षर आरशात बघून.

सुई_आणि_शाई
खूप कळलं. मग मूळ प्रश्नावर परत: चार प्लेटा कशा वाटून घेऊ? तांबटगल्ली काका आणि निपाणीकर दादा, एकमत होईल का?

निपाणीकर
माझं मत थोडं हललंय. सरावाला ऑफसेटची प्लेट, अ‍ॅक्रिलिक नव्हे. बर काय असते ते अ‍ॅल्युमिनियमवर निदान दिसतं. पण चारही प्लेटा तांब्याच्या याला माझा विरोध कायम.

तांबटगल्ली
चारही तांब्याच्या असं मी म्हटलेलं नाही. पहिला ७.५ बाय १० सेंटिमीटरचा तुकडा तांब्याचा घे, १ मि.मी. जाड, जेमतेम ६७ ग्रॅम भरतो. ठसेवाल्यांच्या नऊ पट्ट्या त्यावर कर, मग अर्धा भाग खरवडून, ओपून, परत काढ. हात तयार होईल. त्यानंतर जमा करायच्या चारपैकी बारीक रेषांचं, मोकळं चित्र अ‍ॅक्रिलिकवर, कारण तिथे बर कमी असली तरी चालते. दोन ऑफसेटच्या प्लेटवर. आणि जे चित्र सगळ्यात गडद, सगळ्यात जास्त वेळ चालणारं आहे ते तांब्यावर.

ठसेवाला
हेच योग्य. क्रम मात्र असा ठेव: तांब्याचा तुकडा, मग ऑफसेट, मग अ‍ॅक्रिलिक, शेवटी मोठं तांबं. अ‍ॅक्रिलिक आधी केलंस तर हात जोर लावायला शिकतो आणि तोच जोर तांब्यावर नेतो.

सुई_आणि_शाई
ठरलं. तांब्याच्या कडा कानशीने किती उतरवायच्या?

तांबटगल्ली
वरच्या बाजूने ४५ अंशांत, चारही कडा, बेव्हलची (उतरत्या कडेची) रुंदी साधारण प्लेटच्या जाडीएवढी. कानस नेहमी प्लेटच्या आतून बाहेर ढकल, उलट ओढलीस तर घसरून चित्रावर ओरखडा येतो. मग ४०० चा पॉलिश पेपर, मग ओपणं. कड गुळगुळीत झाली की तिच्यावरची शाई एका पुसण्यात निघते. कोपरे थोडे गोल कर.

शहापूर_अक्का
आणि घरी काम करणार आहेस म्हणून एक सांगते. जवसाच्या तेलाच्या शाईने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. ते तेल वाळताना तापतं आणि ढिगात आपोआप पेट घेऊ शकतं. झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी, चिंध्या त्यात. प्लेट पुसायला आधी खायचं तेल, मग भांडी घासायचा साबण. अ‍ॅक्रिलिकला थिनर लावू नकोस, तडे जातात.